दार न उघडणारी गाडी

आमचे भावोजी गेले तेव्हा गॅरेजमधली झाडून सगळी माणसं आली होती. मालक आला, मेकॅनिक आला, टायरवाला आला, आणि जो तो एकच बोलून गेला, की मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या गाडीवर पोचा म्हणून राहिला नाही. मी नुसती मान हलवत होते. गेलेल्या माणसाबद्दल कोणी चार शब्द चांगले बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नये, एवढी अक्कल मलाही आहे. पण खोटं कशाला बोलू, एक पोचा राहिला. तो माझ्या बहिणीच्या घरी खिडकीजवळच्या फळीवर आहे, आणि तो कसा राहिला ते मी बघितलंय.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने डेंटर. ठोकर बसून चेपलेली गाडी यायची, हे एका बाजूने लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हातोडी मारत पत्रा होता तसा करायचे, वर रंगही स्वतःच द्यायचे. म्हणून नाव पडलं पोचेमास्तर. बोलायला इतके कंजूष की ‘हो’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांवर त्यांनी आमचं अख्खं माहेर निभावून नेलं. हात मात्र गप्प बसायचे नाहीत. माझ्याकडे चहाला आले की त्यांना पातेल्यावरचा पोचा दिसायचा, आणि चहाला उकळी येईपर्यंत दुसरं पातेलं घेऊन बसायचे. मी म्हणायचे, भावोजी, मेहुणीकडे माणसं गप्पा मारायला येतात, भांडी दुरुस्त करायला नाही. ते म्हणायचे, बरं.

काम तपासायची त्यांची एक रीत होती. गाडी तयार झाली की डोळे मिटायचे आणि सपाट तळहात पत्र्यावरून सावकाश फिरवायचा. डोळा फसतो, हात फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नानंतर ताईला त्यांनी दुसरं काही शिकवलं की नाही देव जाणे, पण हे शिकवलं. ती बाजारात बादली घेतानासुद्धा डोळे मिटून हात फिरवायची आणि दुकानदार तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

त्यांना एकच मुलगा, आमचा भोवरा. रांगायला लागल्यापासून एका जागी कधी ठरला नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि पुढे त्याचं खरं नाव शाळेपुरतं उरलं. मोठा झाला आणि गाड्यांच्या शर्यतीच्या नादी लागला. शहराबाहेर मातीची गोल धावपट्टी होती, तिथे दर रविवारी धुरळा उडायचा. त्या शर्यतीतली गाडी म्हणजे काही विमान नव्हे. आपली रस्त्यावरची जुनी गाडी घ्यायची, आतल्या गाद्या, काचा, अस्तर सगळं उपसून काढायचं, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, चालवणाऱ्याच्या खिडकीला पट्ट्यांची जाळी लावायची आणि दारं वेल्डिंग मारून कायमची बंद करायची. मग आत जायचं तेही खिडकीतून आणि बाहेर यायचं तेही खिडकीतून.

भोवऱ्याची गाडी पिवळी. दारावर निळ्या रंगात सतरा आकडा, कारण घराचा नंबर सतरा. भावोजी चिडायचे. दिवसभर लोकांचे पोचे काढायचे आणि रविवारी पोटच्या पोराने आणखी पाडून आणायचे, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. तरी सोमवारी कामावरून आले की हातोडी घेऊन घराशेजारच्या शेडमध्ये तेच शिरायचे. सगळे पोचे निघायचे, एक सोडून. चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर, खिडकीखाली, साताच्या पायाशी एक खळगा होता. आत शिरताना भोवरा तिथे गुडघा टेकायचा. भावोजी तो ठोकून सरळ करायचे आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. शेवटी पोरगं म्हणालं, “बाबा, हा राहू द्या. इथे माझा गुडघा बसतो.” भावोजी त्यालाही बरं म्हणाले, पण पुढे कितीतरी दिवस त्या दाराजवळून जाताना मान वळवून जायचे.

ताई शर्यत बघायला कधी म्हणजे कधी गेली नाही. रविवारी दुपारी ती घरातले डबे उपसून घासत बसायची. गाडी परत आली की बाहेर यायची, पोराला जिंकलास का हरलास काही विचारायची नाही, ओलं फडकं घेऊन गाडी पुसायला लागायची. आधी टप, मग बॉनेट, मग बाजू. मला वाटायचं, काय बाई ही स्वच्छतेची हौस. नंतर लक्षात आलं की ती पुसत नव्हती, चाचपत होती. कुठे काय लागलं, किती आत आलं, पोरापासून किती लांब राहिलं, सगळं ती हाताने वाचायची. शेवटी गुडघ्याच्या खळग्यापाशी यायची, तिथला चिखल अंगठ्याने काढायची आणि म्हणायची, चला, जेवायला बसा.

आणि झालं काय? इतक्या शर्यतींत पोराला ओरखडा आला नाही. कामावरून घरी येत होता, स्कूटरवर, चांगल्या सरळ रस्त्यावर, आणि मागून दुधाची गाडी आली. एवढंच. माझ्या बहिणीने आयुष्याची सगळी भीती त्या मातीच्या धावपट्टीसाठी राखून ठेवली होती. मला अजून राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

गाडी शेडमध्ये तशीच राहिली. ताई सकाळी चहा टाकायची आणि तो उतू जाईपर्यंत शेडमध्ये उभी राहायची. दारावर हात ठेवून काहीतरी बोलायची. त्याच सुमाराला तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, फार उशिरा आलात, नजर कडेकडेने मिटत जाणार, गेलेली परत येणार नाही. थेंब घाला, म्हणजे जरा सावकाश जाईल.

त्या दिवशी आम्ही परत आलो तर शेड रिकामी. जमिनीवर तेलाचा डाग आणि ओढत नेल्याच्या रेघा. आम्ही दवाखान्यात असताना भावोजींनी भंगारवाल्याला बोलावून गाडी देऊन टाकली होती. ताईने एवढंच विचारलं, कुठे गेली. ते म्हणाले, दिली. मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते चार माणसांत सांगण्यासारखं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते खाली मान घालून ऐकत राहिले. ताई मात्र चकार शब्द बोलली नाही, आणि मला जास्त भीती त्याची वाटली.

पुढेही ती बोलली नाही. नळ गळतोय, दूध संपलंय, दाराची कडी घट्ट झालीय, हे सगळं बोलायची. पण नवऱ्यासमोर भोवऱ्याचं नाव तिने परत घेतलं नाही. रविवारी संध्याकाळी फडकं भिजवायची, घट्ट पिळायची, शेडच्या तोंडापर्यंत जायची आणि तसंच परत आणून दोरीवर वाळत घालायची. भावोजी खिडकीतून बघत असायचे.

मग एके दिवशी भावोजी माझ्या दुकानात आले. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, एक मशीन आणि एक आरसा मावेल एवढं. तोवर गॅरेजची नोकरी सुटली होती, हाताला किंचित कंपही आला होता. म्हणाले, काळी रिबन हवी, असेल त्यातली सगळ्यात बारीक. कशाला, तर म्हणे हवी आहे. दुसऱ्या दिवशी परत आले, बारीक बकल आहे का, बाहुलीच्या पट्ट्याला लावतात तसलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी पुष्कळ माणसं बघितली, पण हे भांडं पाठीमागे धरून ताकसुद्धा मागत नव्हते. मी म्हटलं, कारण सांगितल्याशिवाय टाचणीही मिळणार नाही.

ताई दुपारी पडली होती तेव्हा त्यांनी मला मागच्या गच्चीत नेलं. इस्त्रीच्या टेबलावर एक खोका. शर्यतीच्या गाडीचं किट, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं. खोक्यावरच्या चित्रात गाडी लाल होती आणि तिच्यावर कुठले तरी भलतेच आकडे. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक बारीक भाग, चाकं, इंजिन, पिंजऱ्याच्या नळ्या, काडेपेटीत मावेल एवढं आसन. एकेक भाग कापायचा, कड घासायची, चिमट्याने धरून चिकटवायचा. मी म्हटलं, या वयात खेळणी?

भावोजी आयुष्यात माझ्याशी सलग इतकं कधी बोलले नव्हते. म्हणाले, “ती दिवसभर त्या दाराशी उभी असायची. मला वाटलं, गाडी गेली की ती घरात येईल.” मग म्हणाले, “आली नाही. आता तिचे डोळे आहेत तोवर तिला ती गाडी परत दिसली पाहिजे. माझ्या हातात तेवढंच आहे.”

त्यांच्यावरचा माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी तिथेच भिंतीला टेकून रडले, आणि मग दुकानात जाऊन रिबनच्या पट्ट्या विणून नखाएवढी जाळी शिवून आणली. आसनाचे पट्टेही शिवले. सुई दिसायला मला भिंग घ्यावं लागलं.

काम असं केलं त्यांनी की बघत राहावं. जुन्या टेलिफोनच्या तारेतले केसासारखे धागे काढून इंजिनाला वायरी जोडल्या. पाइपाला गंज दिसावा म्हणून तपकिरी रंग कोरड्या ब्रशने टिपला. बस पकडून त्या धावपट्टीवर गेले, औषधाच्या बाटलीतून तिथली माती आणली, घरातल्या चहाच्या गाळणीने गाळली आणि चाकांच्या खाचांत भरली. गाळणी नीट धुतली नाही. त्या दिवशी ताईच्या चहात कचकच आली. ती प्यायली आणि गप्प बसली. रंगाऱ्याची बायको ती, घरात रंगाचा वास येतोय आणि तिला कळलं नसेल? नवऱ्याने लपवायचं आणि बायकोने न दिसल्यासारखं करायचं, असा त्यांचा संसार चालला होता.

सगळं झालं आणि गाडी अडली ती वरच्या कवचावर. रंग. पिवळा त्यांनी डोळ्यांत साठवलेला होता, तो जमवला. पण सुकल्यावर एक कण दिसला. सगळा रंग उतरवला, पुन्हा घासलं, पुन्हा दिला. या वेळी संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत आला. पुन्हा उतरवला. मग निळे आकडे एका बाजूला केसभर तिरके वाटले. कामाची सवय म्हणा, खोड म्हणा, पण गिऱ्हाईकाच्या हातात गाडी द्यायची तर आरशासारखी द्यायची, यापलीकडे त्यांना दुसरं माहीतच नव्हतं.

इकडे ताई दाराच्या चौकटीला खांदे आपटत होती. कपाच्या बाहेर चहा ओतत होती. मी भांडले. म्हटलं, भावोजी, अति तिथे माती, आहे तशी दाखवा तिला, तिला काय गॅरेजची पावती फाडायची आहे? ते म्हणाले, एक हात राहिलाय. पुढच्या वेळी मी गेले तेव्हाही ते म्हणाले, एक हात राहिलाय, वर तेवढी चकाकी दिली की झालं.

मग ती दुपार आली. ऊन सरळ खिडकीतून आत पडलं होतं, ताई खुर्चीत बसली होती, मी तिच्या गाऊनची शिवण उसवत होते. ताई म्हणाली, “वीज गेली का गं?” मी शिवणीवरून मान वर केली. गच्चीच्या दारात भावोजी उभे होते. हातात ती गाडी, पूर्ण झालेली, आरशासारखी. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी अनेकदा चेष्टेत म्हटलं असेल, त्यानंतर कधी म्हटलं नाही.

ते आत आले, तिच्यासमोर खाली बसले आणि गाडी तिच्या दोन्ही हातांत ठेवली. म्हणाले, “उशीर केला मी.”

ताईने काय आहे हे विचारलं नाही. डोळे मिटले. ते उघडे ठेवून तरी काय उपयोग होता, पण तिने मिटले, त्यांनी शिकवलं होतं तसे. आधी टपावरून बोट फिरवलं. मग बॉनेट. खिडकीची जाळी लागली तेव्हा म्हणाली, ही आमच्या शिंपिणीची. करंगळी आत घालून पिंजऱ्याच्या नळ्या चाचपल्या. चाकांना हात लावून बोटं नाकाशी नेली. भावोजी सांगायला लागले, रंग पिवळा आहे, तोच. ती म्हणाली, पिवळा मला आठवतो. मग तिचा अंगठा दारावर आला आणि थांबला. मागे गेला, परत आला, परत थांबला.

“ही त्याची नाही,” ती म्हणाली.

भावोजींचा चेहरा मला बघवेना. ती पुढे म्हणाली, “इथे गुडघा होता त्याचा.”

मला वाटलं, माणूस विसरला असेल. पण ते विसरलेच नव्हते, विसरायला आधी सुचावं लागतं. धावपट्टीची माती आणायचं सुचलं, पण आपल्या हाताने पोचा पाडायचं त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ते म्हणाले, “मी माझी गाडी केली. त्याची नाही केली.”

मग ते उठले. वरचं रंगवलेलं कवच खालच्या सांगाड्यावरून अलगद सोडवलं. रंग वाळवायला ठेवलेला हेअर ड्रायर आणला आणि आतल्या बाजूने दारावर धरला. प्लास्टिक गरम झालं की मऊ पडतं. पडलं. त्यांनी अंगठा दारावर ठेवला. दाबेनात. अंगठा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. आयुष्यभर आतून बाहेर ठोकलेला हात, बाहेरून आत जायला तयार होईना.

“इकडे द्या,” ताई म्हणाली.

चटका बसेल, असं ते म्हणाले. बसू दे, असं ती म्हणाली. त्यांनी कवच तिच्या हातात दिलं आणि ड्रायर धरून राहिले. तिने खिडकीच्या कडेपासून मोजलं. खऱ्या गाडीवर ती जागा वीतभर खाली होती, इथे नखभर. कोणी दाखवायची गरज पडली नाही. तिने अंगठा ठेवला आणि दाबला, सावकाश, एकदाच. वरच्या त्या आरशासारख्या रंगाला तडा गेला, साताच्या पायाशी, केसासारखा. एका कणासाठी सगळा रंग उतरवणाऱ्या माणसाने तो तडा बघितला आणि राहू दिला.

प्लास्टिक निवेपर्यंत तिने अंगठा काढला नाही. काढला, पुन्हा ठेवून बघितला, आणि म्हणाली, “आता आला.” आणि तेव्हा कुठे माझी बहीण रडली. पोर गेल्यापासून नवऱ्यासमोर पहिल्यांदा. त्याचं नाव घेऊन रडली, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं. भावोजी तिच्या पायाशी बसून म्हणाले, मी ती द्यायला नको होती. ताई रडत रडत म्हणाली, नको होती. उगाच माफीबिफी नाही, काही नाही. जे होतं ते बोलली.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “फडकं द्या.”

ते उठून दोरीवरचं फडकं घेऊन आले, भिजवलं, तिला लागतं तसं घट्ट पिळलं आणि कवच सांगाड्यावर परत बसवून गाडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने पुसायला घेतली. आधी टप, मग बॉनेट, मग बाजू. शेवटी त्या खळग्यापाशी आली, फडक्याच्या टोकाने तो पुसला, आणि चाचपडत भावोजींचा हात शोधून त्यांचा अंगठा त्यात नेऊन ठेवला. त्यांनी डोळे मिटले. एवढ्याशा जागेत दोन अंगठे मावत नव्हते, म्हणून मग ते पाळीपाळीने ठेवत बसले, आणि मी शिवण तशीच टाकून चहा ठेवायला आत गेले.